एचआयव्हीसोबत जगताना प्रतिकारशक्ती बेफाम झाली तर: एचएलएच आणि आयरिसबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताप उतरत नाही, प्लेटलेट रोज खाली येताहेत, पाणथरी वाढलीय आणि रिपोर्टवर फेरिटिन (लोह साठवणारं, दाहात वाढणारं प्रथिन) हजारांत दिसतंय. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, घेणाऱ्या किंवा नुकतंच एचआयव्हीचं निदान झालेल्या माणसाच्या बाबतीत हे सगळं एकत्र आलं, की एचएलएच किंवा आयरिस या प्रतिकारशक्ती भडकण्याच्या आजारांची शंका घ्यावी लागते आणि वेळ फार महत्त्वाची असते. रुग्ण, नातेवाईक, समुपदेशक आणि वॉर्डातले डॉक्टर जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. औषधांचे डोस समजून घेण्यासाठी आहेत, स्वतःच्या मनाने सुरू करण्यासाठी नाहीत.

एचआयव्हीत प्रतिकारशक्ती कमी होते ना? मग ती जास्त कशी होते?

कमी होते ती नेमकी, शिस्तबद्ध प्रतिकारशक्ती. सीडी४ पेशी, म्हणजे प्रतिकारयंत्रणेला दिशा देणाऱ्या पांढऱ्या पेशी, घटतात. त्यांच्यातच इतर पेशींना आवर घालणाऱ्या नियामक पेशीही असतात, त्याही घटतात. संसर्ग झालेली पेशी मारून प्रकरण मिटवायचं काम सीडी८ आणि नॅचरल किलर पेशींचं. ते अर्धवट होतं. जंतू शरीरात राहतो, त्यामुळे धोक्याचा संदेश बंदच होत नाही. इंटरफेरॉन गॅमा सतत सुटतो आणि मॅक्रोफेज या भक्षक पेशी चेतत राहतात. त्या इंटरल्युकिन ६, इंटरल्युकिन १८, टीएनएफ अशी रसायनं ओततात आणि शेवटी स्वतःच्याच लाल पेशी, पांढऱ्या पेशी, प्लेटलेट गिळायला लागतात.

शिवाय एचआयव्ही आतड्याच्या अस्तराला इजा करतो. तिथल्या जिवाणूंचे अंश रक्तात झिरपत राहतात, म्हणून उपचार न घेतलेल्या माणसाची प्रतिकारयंत्रणा आधीपासूनच चेतलेली असते. वर टीबीसारखा मोठा संसर्ग आला की तोल सुटतो.

एचएलएच, आयरिस, किक्स. ही एकाच आजाराची नावं का?

नाही, पण त्यांच्या सीमा एकमेकींत मिसळतात.

आयरिस म्हणजे एआरटी सुरू झाल्यावर परत येणाऱ्या प्रतिकारशक्तीने घातलेला गोंधळ. बहुतेक वेळा तो पहिल्या तीन महिन्यांत दिसतो, टीबीच्या बाबतीत अनेकदा पहिल्या काही आठवड्यांतच. त्याचे दोन प्रकार आहेत. एकात टीबीचा उपचार चालू असतो, माणूस सुधारत असतो आणि एआरटीनंतर गाठी पुन्हा फुगतात, ताप परत येतो, छातीत पाणी होतं. दुसऱ्यात टीबी आधी कळलेलाच नसतो आणि एआरटीनंतर जोरात उघडा पडतो.

एचएलएच, पूर्ण नाव हिमोफॅगोसायटिक लिम्फोहिस्टिओसायटोसिस, ही वर सांगितलेल्या, वणव्यासारख्या पसरणाऱ्या दाहाची टोकाची अवस्था. एआरटी सुरू असो वा नसो, ती होऊ शकते. आयरिस चिघळून एचएलएच होतो, हेही दिसतं.

किक्स हा कपोसी सार्कोमा या कॅन्सरच्या विषाणूमुळे, म्हणजे एचएचव्ही-८ मुळे, होणारा दाहाचा आजार. त्याचं वर्णन २०१० मध्ये झालं. याच विषाणूमुळे बहुकेंद्री कॅसलमन आजारही (अनेक ठिकाणच्या गाठी वाढण्याचा आजार) होतो आणि तो सीडी४ चांगले असतानाही येऊ शकतो. भारतात कपोसी सार्कोमा कमी दिसतो, म्हणूनच तो नजरेतून सुटतो. टाळू, हिरड्या, पायाचे तळवे इथे जांभळट डाग आहेत का, हे टॉर्च घेऊन बघायलाच हवं.

कोणती लक्षणं दिसली की थांबायचं नाही?

३८.५ अंश सेल्सियसच्या वर जाणारा, तीन-चार दिवसांत न उतरणारा ताप आणि त्याच्या जोडीला पुढचं काहीही: हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, अंगावर लालसर ठिपके, डोळे पिवळे, धाप, डाव्या बरगडीखाली जडपणा, गुंगी, असंबद्ध बोलणं, झटका. गुंगी, झटका, धाप किंवा रक्तस्राव असेल तर थेट मोठ्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा. एआरटी सेंटरच्या ओपीडीच्या दिवसाची वाट पाहू नका.

तोवर घरी तापाला फक्त पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन, ॲस्पिरिन नको. प्लेटलेट कमी असताना कमरेत घेतलेल्या 'तापाच्या इंजेक्शनने' स्नायूत रक्त साठतं. आणि जवळच्या दवाखान्यात मिळणाऱ्या, नाव न सांगितलेल्या इंजेक्शनमध्ये अनेकदा डेक्सामेथासोन असतं. त्याने ताप दोन दिवस उतरतो, पण लिम्फोमा (लसिका ग्रंथींचा कॅन्सर) असेल तर नंतरच्या बायोप्सीत तो सापडतच नाही. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी अँटिबायोटिक टीबीच्या बाबतीत हाच घोळ करतात: जंतू थोडे दबतात, तपासणी निगेटिव्ह येते आणि आजार आत चालूच राहतो.

कोणत्या रक्तचाचण्या लागतात आणि त्या कुठे फसवतात?

पहिल्याच दिवशी सीबीसी, फेरिटिन, उपाशीपोटी ट्रायग्लिसराइड, फायब्रिनोजेन (रक्त गोठवणारं प्रथिन), यकृताच्या चाचण्या, एलडीएच, सीआरपी, पीटी-आयएनआर. ही यादी जिल्हा पातळीवरही बहुतांशी होते.

फेरिटिनच्या रिपोर्टवर 'दोन हजारांहून अधिक' इतकंच छापून आलं, तर ते उत्तर अपुरं आहे. यंत्राची मोजण्याची मर्यादा तिथे संपली, एवढाच त्याचा अर्थ. नमुना पातळ करून पुन्हा मोजायला प्रयोगशाळेला सांगा. २,१०० आणि ३८,००० यांत फार फरक आहे, आणि उपचार लागू पडतोय का हे खाली येणाऱ्या आकड्यावरूनच कळणार आहे.

फायब्रिनोजेनची निळ्या झाकणाची नळी खुणेपर्यंत भरलेली हवी. त्यात नऊ भाग रक्ताला एक भाग सायट्रेट असतं. नळी अर्धी भरली की आकडा चुकतो. ट्रायग्लिसराइड वाचताना रुग्ण रिटोनाविर किंवा इफाविरेंझ घेतोय का ते विचारा, कारण या औषधांनीही ते वाढतात. जुना रिपोर्ट असेल तर शेजारी ठेवून बघा.

एक खूण हमखास दुर्लक्षित होते. सीआरपी आणि ईएसआर या दोन्ही दाह दाखवणाऱ्या चाचण्या, पण सीआरपी खूप वाढलेलं आणि ईएसआर मात्र घसरत चाललेला. ईएसआर फायब्रिनोजेनवर अवलंबून असतो. एचएलएचमध्ये फायब्रिनोजेन खर्ची पडतं, म्हणून ईएसआर खाली येतो. तो 'सुधारला' म्हणून कुणी खूश होऊ नये.

निदान किती निकषांवर ठरतं?

एचएलएच-२००४ चे आठ निकष आहेत, त्यांपैकी पाच लागतात: ३८.५ अंश किंवा अधिक ताप, वाढलेली पाणथरी, तीनपैकी दोन प्रकारच्या पेशी कमी, म्हणजे हिमोग्लोबिन ९ च्या खाली, प्लेटलेट एक लाखाच्या खाली, न्यूट्रोफिल १,००० च्या खाली, ट्रायग्लिसराइड २६५ किंवा जास्त अथवा फायब्रिनोजेन १५० किंवा कमी, फेरिटिन ५०० किंवा जास्त, बोन मॅरो (अस्थिमज्जा), पाणथरी किंवा गाठीत पेशी गिळणारे मॅक्रोफेज, नॅचरल किलर पेशींचं काम मंद, आणि विरघळलेला सीडी२५ हा घटक २,४०० युनिट किंवा जास्त. शेवटच्या दोन तपासण्या मोजक्याच प्रयोगशाळांत होतात, म्हणजे व्यवहारात हातात सहाच निकष उरतात.

हे निकष मुळात मुलांसाठी आखले गेले. मोठ्यांसाठी २०१४ साली आलेला, गुण मोजणारा एच-स्कोअर जास्त कामाचा. त्यात एचआयव्हीसारख्या प्रतिकारदौर्बल्याचे १८ गुण आधीच धरलेले आहेत. समजा, रुग्णाला ३९ अंश ताप आहे: ३३ गुण. एचआयव्हीचे १८. फक्त पाणथरी वाढलेली: २३. हिमोग्लोबिन ८.१ आणि प्लेटलेट ७२,०००, पांढऱ्या पेशी ठीक: २४. फेरिटिन ४,२००: ३५. ट्रायग्लिसराइड २१०: ४४. फायब्रिनोजेन ३२०: शून्य. एएसटी (यकृताची चाचणी) ९५: १९. बोन मॅरो अजून केलेला नाही: शून्य. बेरीज १९६. सीमारेषा १६९ ची आहे; त्यावर गेलं की एचएलएचची शक्यता मोठी. याच माणसाला एचएलएच-२००४ चे चारच निकष लागू होतात. पाचव्याची वाट बघत बसलो तर आठवडा जातो, आणि तो आठवडा परवडणारा नसतो.

उलट बाजूही तितकीच खरी आहे. शरीरभर पसरलेला टीबी किंवा हिस्टोप्लाझ्मोसिस हा बुरशीचा संसर्ग एचएलएच नसतानाही असंच चित्र उभं करतो. म्हणून एका दिवसाच्या आकड्यापेक्षा त्याचा उतार बघावा. प्लेटलेट सोमवारी १,४०,०००, बुधवारी ९०,०००, शुक्रवारी ४५,००० आणि त्याच काळात फेरिटिन दुप्पट, ही घसरण कुठल्याही स्कोअरपेक्षा मोठ्याने बोलते.

बोन मॅरो काढायलाच हवा का? तो निगेटिव्ह आला तर?

शक्य तितक्या लवकर काढावा, पण मुख्यतः कारण शोधण्यासाठी. पेशी गिळणारे मॅक्रोफेज दिसले नाहीत म्हणून एचएलएच नाही असं होत नाही, आणि दिसले म्हणून तो आहेच असंही नाही. रक्त चढवल्यावर किंवा साध्या सेप्सिसमध्येही ते दिसतात. मॅरोतून टीबीचे जंतू, हिस्टोप्लाझ्मा, काळा आजाराचे परजीवी किंवा लिम्फोमा सापडतो, आणि ते सापडलं तर उपचाराची दिशाच बदलते.

इथे होणारी चूक नेहमीची आहे. सगळा नमुना फॉर्मेलिनमध्ये जातो आणि कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायला, काही उरत नाही. फॉर्मेलिनमध्ये जंतू मरतात. सुई टोचण्याआधीच तीन वाटे ठरवा: स्लाइडसाठी, निर्जंतुक बाटलीत टीबी आणि बुरशीच्या कल्चरसाठी, फॉर्मेलिनमध्ये बायोप्सीसाठी. मॅरोच्या नमुन्यावर सीबीनॅट ही टीबीची जनुकीय चाचणीही करता येते.

मूळ कारण शोधताना कुठे कुठे बघायचं?

आमच्या मते सगळा उपचार या एका प्रश्नावर उभा आहे. वणवा शमवणारी औषधं वेळ मिळवून देतात, पण आग कुठून लागली ते कळलं नाही तर ती पुन्हा पेटते.

महाराष्ट्रात पहिला संशय टीबीचा. थुंकी नसेल तरी लघवीची लॅम चाचणी, गाठीतून सीबीनॅट, रक्ताचं मायकोबॅक्टेरिया कल्चर आणि पोटाची सोनोग्राफी करता येते. पोटातल्या गाठी आणि पाणथरीतले बारीक ठिपके खूप काही सांगून जातात.

मग रुग्ण कुठे राहिला, कुठे काम केलं हे विचारा. बिहार-झारखंडहून आलेल्या मजुराला काळा आजार असू शकतो, आणि एचआयव्हीत त्याची आरके-३९ चाचणी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. गंगेच्या खोऱ्यातून आलेल्यात हिस्टोप्लाझ्मोसिस आठवा, मणिपूरकडच्या माणसात टॅलरोमायसिस हा बुरशीचा संसर्ग. पावसाळ्यात मलेरिया, डेंग्यू आणि स्क्रब टायफस. विदर्भात २०१८ साली स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण आढळले. त्याचा काळा, न दुखणारा खपल्यासारखा डाग काखेत, जांघेत, स्तनाखाली, कमरेच्या नाडीखाली लपलेला असतो. अंगावरचे कपडे काढून पाहिल्याशिवाय तो दिसत नाही, आणि दिसला तर डॉक्सिसायक्लिनसारख्या स्वस्त गोळीने माणूस वाचतो.

विषाणूंमध्ये ईबीव्ही, सीएमव्ही आणि एचएचव्ही-८. ज्याचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला आहे, सीडी४ बरे आहेत आणि तरी एचएलएच झालाय, त्याच्यात लिम्फोमा, विशेषतः हॉजकिन, आणि कॅसलमन आजार नेटाने शोधा. मान, छाती, पोटाचं सीटी किंवा पेट स्कॅन करून सर्वांत सोयीची गाठ पूर्ण काढून तपासायला द्या. नुसत्या सुईने काढलेल्या एफएनएसीत हॉजकिन निसटतो.

औषधंही तपासा. झिडोवुडिनने हिमोग्लोबिन पडतं, लिनेझोलिडने प्लेटलेट, को-ट्रायमॉक्साझोलने ताप, पुरळ आणि पेशी कमी असं सगळं एकत्र होऊ शकतं.

स्टेरॉइड कधी, किती? आधीच संसर्ग असताना ते धोक्याचं नाही का?

धोक्याचं आहे, आणि तरी वेळेवर लागतं. नमुने घेऊन झाले की, रुग्ण वेगाने ढासळत असेल तर रिपोर्टची वाट न पाहता सुरू करतात. एचएलएचसाठी डेक्सामेथासोन दिवसाला शरीराच्या दर चौरस मीटर पृष्ठभागामागे १० मिलिग्रॅम. साधारण साठ किलोच्या माणसाला हे १६ मिलिग्रॅमच्या आसपास येतं. मूळ पद्धतीत दोन आठवड्यांनी डोस निम्मा, पुढच्या दोन आठवड्यांनी आणखी निम्मा, असं करत आठव्या आठवड्यापर्यंत उतरवतात.

टीबी-आयरिससाठी पद्धत वेगळी. प्रेडनिसोलोन किलोमागे १.५ मिलिग्रॅम दोन आठवडे, मग ०.७५ मिलिग्रॅम दोन आठवडे. पन्नास किलोच्या माणसाला आधी ७५ आणि मग ३७.५ मिलिग्रॅम. टीबीच्या रिफाम्पिसिन या औषधामुळे प्रेडनिसोलोनची मात्रा बरीच घटते, म्हणून वरवर मोठा वाटणारा हा डोस प्रत्यक्षात तेवढा नसतो. त्याआधी टीबी रिफाम्पिसिनला दाद देतोय ना, हे सीबीनॅटवर पक्कं करा. औषधांना न जुमानणाऱ्या टीबीला आयरिस समजून स्टेरॉइड देणं ही जिवावरची चूक आहे.

कपोसी सार्कोमा असेल तर स्टेरॉइडने तो भडकतो. क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिस या मेंदूच्या आवरणाच्या बुरशीसंसर्गात सरसकट डेक्सामेथासोन देऊन रुग्णांचं नुकसानच झाल्याचं चाचणीत दिसलं आहे. पोटातल्या स्ट्राँगिलॉइड जंतांची शक्यता असेल तर आधी आयव्हरमेक्टिन द्यावं.

इटोपोसाइड म्हणजे केमोथेरपी. कॅन्सर नसताना ती का?

बेफाम झालेल्या टी-पेशी ते नेमक्या मारतं म्हणून. ईबीव्ही किंवा लिम्फोमामुळे झालेल्या तीव्र एचएलएचमध्ये, किंवा स्टेरॉइडने दोन-तीन दिवसांत उतार न पडल्यास, त्याचा विचार होतो. पण सगळ्यांना ते लागत नाही. काळा आजारामुळे झालेला एचएलएच अनेकदा लिपोसोमल अँफोटेरिसिनवरच ओसरतो. टीबीत टीबीची औषधं आणि स्टेरॉइड बऱ्याचदा पुरतात. इम्युनोग्लोब्युलिन, अनाकिन्रा, रक्सोलिटिनिब हेही पर्याय आहेत. अनाकिन्रा आपल्याकडे सहज मिळत नाही. ईबीव्ही आणि कॅसलमनमध्ये रिटुक्सिमॅब उपयोगी पडतं, पण त्याआधी हिपॅटायटिस बीची तपासणी झालीच पाहिजे.

एआरटीमुळेच हे झालं असेल तर ती बंद करावी का?

नाही. आयरिस झाला तरी एआरटी चालूच ठेवतात. मेंदूला सूज येऊन जीव धोक्यात असेल, अशा क्वचित प्रसंगी तज्ज्ञ ती तात्पुरती थांबवतात. एआरटी आधी सुरूच नसेल तर एचएलएचमध्ये ती लवकर सुरू करणं हाही उपचाराचाच भाग आहे. अपवाद मेंदूच्या संसर्गांचा: टीबी मेनिंजायटिसमध्ये चार ते आठ आठवडे, क्रिप्टोकॉकल मेनिंजायटिसमध्ये चार ते सहा आठवडे थांबतात.

आयसीयूत मात्र एआरटी नकळत बंद पडते. रुग्ण शुद्धीवर नसतो, गोळ्या घरच्या पिशवीत राहतात, चार्टवर कुणी लिहीत नाही. नातेवाइकांनी एआरटीचं जे कार्ड असेल ते आणि गोळ्यांची डबी पहिल्याच दिवशी सिस्टरांच्या हातात द्यावी.

औषधं एकमेकांत कुठे अडकतात?

टीएलडी, म्हणजे टेनोफोव्हिर, लॅमिव्युडिन आणि डोल्युटेग्राविर यांची एकत्र गोळी, घेणाऱ्याला रिफाम्पिसिन सुरू झालं की डोल्युटेग्राविर ५० मिलिग्रॅमची जादा गोळी बारा तासांनी लागते, आणि रिफाम्पिसिन संपल्यावरही ती दोन आठवडे चालू ठेवतात. स्टेरॉइडसोबत कॅल्शियमची गोळी सवयीने लिहिली जाते; ती डोल्युटेग्राविरसोबत उपाशीपोटी घेतली तर औषध आतड्यातच अडकतं. डोल्युटेग्राविर कॅल्शियम किंवा अँटासिडच्या दोन तास आधी नाहीतर सहा तास नंतर घ्या. स्टेरॉइडने साखर वाढली आणि मेटफॉर्मिन द्यावं लागलं, तर डोल्युटेग्राविरसोबत दिवसाला १,००० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.

दुसऱ्या फळीच्या एआरटीवर, म्हणजे ॲटाझानाविर-रिटोनाविरवर असाल तर चित्र पालटतं. रिटोनाविर स्टेरॉइडची मात्रा वाढवतं, पॅन्टोप्राझोल ॲटाझानाविर शोषू देत नाही आणि रिफाम्पिसिन तर चालतच नाही. त्याऐवजी रिफाब्युटिन द्यावं लागतं.

आयरिस टाळता येतो का?

धोका कमी करता येतो. सीडी४ ५० च्या खाली आणि व्हायरल लोड जास्त असलेल्यांना तो सर्वाधिक. एआरटी सुरू करण्याआधी टीबी आणि क्रिप्टोकॉकल अँटिजेन नीट तपासावं. ज्यांचा टीबीचा उपचार नुकताच सुरू झालाय आणि सीडी४ १०० किंवा कमी आहेत, त्यांना एआरटीसोबत प्रेडनिसोन ४० मिलिग्रॅम दोन आठवडे आणि २० मिलिग्रॅम दोन आठवडे दिल्याने टीबी-आयरिसचं प्रमाण ४६.७ टक्क्यांवरून ३२.५ टक्क्यांवर आलं, असं २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या चाचणीत दिसलं.

रुग्णालयात एचआयव्ही सांगावा लागेल. गोपनीयतेचं काय?

एचआयव्ही-एड्स कायदा २०१७ चा आहे आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून उपचार नाकारता येत नाहीत. उपचारात थेट गुंतलेल्या डॉक्टरांना गरजेपुरती माहिती मिळणं कायद्याला धरून आहे. बेडवर पाटी लावणं किंवा संमतीशिवाय इतर नातेवाइकांना सांगणं नाही. अडचण आली तर १०९७ या मोफत हेल्पलाइनवर बोला.

घरी सोडल्यावर काय सांभाळायचं?

स्टेरॉइड उतरवतानाचे आठवडे सगळ्यांत नाजूक. ताप गेला, भूक लागली म्हणून गोळी स्वतःहून बंद केली तर एचएलएच उलटू शकतो, आणि अचानक थांबवल्याने रक्तदाब पडून चक्करही येते. पहिला महिना दर आठवड्याला सीबीसी आणि फेरिटिन, पुढे डोस कमी होईल तेव्हा तेव्हा. को-ट्रायमॉक्साझोल चालू ठेवा, साखर तपासा, तोंडात पांढरा थर दिसला तर सांगा. पाठवलेली कल्चर यायला सहा आठवडे लागू शकतात, आणि डिस्चार्ज झाल्यावर ती कुणी बघतच नाही. डिस्चार्ज कार्डवर 'टीबी कल्चर बाकी', नमुन्याचा क्रमांक आणि प्रयोगशाळेचा फोन नंबर लिहून घेतल्याशिवाय वॉर्ड सोडू नका.